मुका, कापला, घोगरा आणि वाजलाच नाही : घरच्या वाय-फायवरचे कॉल पुन्हा पुन्हा बिघडतात तेव्हा

गुहागर तालुक्यातल्या आमच्या आत्याच्या घरात मोबाईलला रेंज नाही. घर खोलगटात, भिंती जांभ्याच्या नि हातभर जाड, टॉवर डोंगरापलीकडे. कोणाशी बोलायचं तर अंगण ओलांडून गडग्यापाशी जायचं, तिथे दोन काड्या दिसतात. म्हणून गावात फायबर आल्या आल्या आम्ही भाचरांनी मिळून तिच्याकडे जोडणी घेतली, फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करून दिलं आणि सुटलो म्हटलं.

दोन महिन्यांत तक्रार सुरू झाली, फोन तुटतो. मी पुण्याहून फोनवरच सांगून एकदोन सेटिंगं बदलायला लावली. पंधरा दिवस बरे गेले, पुन्हा तेच. फोन नवा घेतला, पुन्हा तेच. फायबरवाला येऊन राउटर बदलून गेला, महिन्याभरात पुन्हा तेच. शेवटी मे महिन्यात आठ दिवस तिथेच मुक्काम ठोकला. पहिल्याच दिवशी जेवताना आत्याला विचारलं, "तुटतो म्हणजे नक्की काय होतं गं?"

"अरे, रोज एकच थोडंच होतं? कधी मुका होतो. कधी कापला जातो. कधी पाण्यात बुडी मारून बोलल्यासारखा घोगरा येतो. आणि कधी तर वाजतच नाही मेला, मग सूनबाई विचारते, आई, होतात कुठे?"

वर्षभर मी 'तुटतो' हा एकच शब्द ऐकत होतो आणि एकच औषध शोधत होतो. दुखणी चार होती. मग मी तिला कालनिर्णयाचं काम दिलं. दुधाचा हिशोब जसा लिहितेस तसा तारखेच्या चौकोनात फोनचा लिही: किती वाजता, कोणाचा, बसली होतीस की चालत होतीस, आणि मुका, कापला, घोगरा की वाजला नाही. आठ दिवसांच्या त्या चौकोनांनी जे सांगितलं ते कुठल्याही कस्टमर केअरने सांगितलं नव्हतं. तुमच्या घरी असा त्रास असेल तर सेटिंगला हात लावण्याआधी चार दिवस हे लिहूनच काढा.

कॉल जातोय कुठून?

त्याआधी एक गोष्ट नक्की करून घ्या. स्मार्टफोनवरून बोलणं आज मुख्यतः तीन वाटांनी जातं, आणि प्रत्येक वाटेचा मालक वेगळा.

पहिली वाट व्हीओएलटीई, म्हणजे टॉवरच्या ४जी जाळ्यावरून. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं तेच मुळी २जी-३जीशिवाय, त्यामुळे तेव्हा तिथे ४जी गेलं की बोलणंही जायचं. या वाटेवर कंपनी आवाजाला इतर डेटापेक्षा वेगळी, राखीव वागणूक देते.

दुसरी वाट वाय-फाय कॉलिंग. नंबर तुमचा, सिम कंपनीचं, डायलर नेहमीचा, पण टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून फोन कंपनीच्या दारापर्यंत एक कुलूपबंद बोगदा काढतो आणि आवाज त्यातून जातो. आपल्याकडे डिसेंबर २०१९ मध्ये एअरटेलने आणि जानेवारी २०२० मध्ये जिओने हे सुरू केलं. याचे वेगळे पैसे पडत नाहीत, पण सिमवर चालू प्लॅन लागतो. रिचार्ज संपला की घरात कितीही वाय-फाय असो, बाहेर फोन लागणार नाही. हे लिहायचं कारण असं की कालनिर्णयातल्या एका अख्ख्या दिवसाचं उत्तर एवढंच होतं.

तिसरी वाट व्हॉट्सॲपसारख्या ॲपची. तिथे सिम कंपनीचा संबंध फक्त डेटापुरता. ॲपवरचा कॉल तुटला म्हणून सिम कंपनीला शिव्या देण्यात अर्थ नाही, आणि डायलरवरचा तुटला म्हणून व्हॉट्सॲप पुन्हा टाकण्यातही नाही. माझ्या ओळखीचे निम्मे लोक नेमकं हेच करतात.

कॉल चालू असताना पडद्यावर नंबराखाली 'वाय-फाय कॉल' असं लिहिलेलं किंवा छोटं चिन्ह दिसतं. आयफोनवर कंपनीच्या नावापुढेच वाय-फाय असं येतं. ते नसेल तर तुम्ही वाय-फायला जोडलेले असूनही टॉवरवरूनच बोलताय.

चिन्हच येत नाही

आत्याच्या घरी फोन बदलला तेव्हा हे झालं होतं, म्हणून उरकून टाकतो. वाय-फाय कॉलिंगचं बटण सिमवार असतं. दोन सिमचा फोन असेल तर दोन्हीकडे पाहा. मोठं सॉफ्टवेअर अपडेट आलं की ते बटण आपोआप बंद झालेलं मी दोनदा पाहिलं आहे. अँड्रॉइडवर डायलरमध्ये *#*#४६३६#*#* दाबलं की बऱ्याच फोनमध्ये फोनच्या माहितीचं पान उघडतं. काही कंपन्यांनी ते बंद करून ठेवलंय. उघडलंच तर तिथे आयएमएसची (इंटरनेटवरून कॉल जोडणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेची) स्थिती पाहा. 'रजिस्टर्ड' नसेल तर फोन कंपनीच्या दारापर्यंत पोचलेलाच नाही.

बटण चालू आहे, रजिस्टर होत नाही, अशा वेळी फोन शेजाऱ्याच्या वाय-फायवर नेऊन बघा, शक्यतो दुसऱ्या कंपनीच्या. तिथे चिन्ह आलं तर दोष तुमच्या राउटरचा किंवा फायबरवाल्याचा. तो बोगदा यूडीपी नावाच्या पद्धतीच्या ५०० आणि ४५०० या दोन पोर्टांवरून, म्हणजे क्रमांक दिलेल्या वाटांवरून, जातो. राउटरमध्ये आयपीसेक पासथ्रू किंवा व्हीपीएन पासथ्रू (असे कुलूपबंद बोगदे जाऊ देणारं सेटिंग) बंद असेल तर बोगदा उघडत नाही. ते चालू असूनही अडत असेल तर एमटीयू (एका पाकिटाचा, म्हणजे डेटाच्या एका तुकड्याचा, जास्तीत जास्त आकार) १४०० वर आणून बघा. बोगदा उघडताना जाणारी मोठी पाकिटं तुकडे होऊन वाटेत हरवतात, ती मग आकारात बसतात.

इंटरनेटवर एक सल्ला हमखास सापडतो, राउटरमधलं 'एसआयपी एएलजी' (इंटरनेट-फोनच्या निरोपांत राउटर स्वतः बदल करतो ती सोय) बंद करा. वाय-फाय कॉलिंगसाठी हा सल्ला फुकट आहे. बोगदा कुलूपबंद असल्यामुळे आतलं बोलणं राउटरला दिसतच नाही, मग तो त्यात ढवळाढवळ करणार कशी? हा सल्ला लागू कुठे पडतो ते पुढे येईलच.

मुका होतो

कॉल चालू आहे, घड्याळ पुढे सरकतंय, पण आवाज नाही. इथे पहिला प्रश्न: दोघांनाही ऐकू येत नाही की एकालाच?

वाय-फाय कॉलिंगमध्ये दोन्ही बाजूंचा आवाज त्याच एका बोगद्यातून जातो-येतो. म्हणून एकाच बाजूने मुकं होणं हे सहसा राउटरचं काम नसतं. संशय फोनवर घ्यावा. ॲपच्या कॉलमध्ये मात्र जाणारा आणि येणारा आवाज वेगवेगळा रस्ता शोधत असतो, तिथे राउटरमुळे एक बाजू मुकी होऊ शकते.

आत्याच्या चौकोनांत 'मुका' हा शब्द पाच वेळा होता, पाचही वेळा सकाळी सात ते आठ. नेटवर्कचा दोष इतका वक्तशीर कसा, या विचारात मी दोन दिवस राउटरचं पान उघडून बसलो होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी सुनेचा फोन आला, आत्या स्वयंपाकघरात "हॅलो, हॅलो" करत राहिली आणि देवघरातून आवाज आला, "आई, ऐकू येतंय का?"

हरिपाठ लावायला घेतलेला ब्लूटूथ स्पीकर. पूजेच्या वेळी चालू असायचा, त्यात माईकही होता, आणि फोन येणारा प्रत्येक कॉल इमानेइतबारे देवघरात पाठवत होता. ब्लूटूथच्या यादीत त्या स्पीकरच्या सेटिंगमध्ये 'फोन कॉल्स' बंद केलं, 'मीडिया ऑडिओ' चालू ठेवलं. हरिपाठ स्पीकरवर, सून कानाला. कानातले वायरलेस इअरफोन डबीत नीट बसले नाहीत, गाडीचं ब्लूटूथ अंगणातून जोडलं गेलं, हे सगळे याच जातीचे मुके. ॲपच्या बाबतीत माईकची परवानगीही पाहून घ्या, तीही अपडेटनंतर निघून जाऊ शकते.

कापला जातो

इथे घड्याळ लागतं. किती मिनिटांनी कापला, आणि माणूस तेव्हा कुठे होता.

दर वेळी ठरावीक वेळेलाच कापला जात असेल तर आनंद माना, कारण रेंज कधी घड्याळ लावून जात नाही, त्यामुळे कारण सापडण्याची शक्यता मोठी. आमच्या ऑफिसात इंटरनेटवरून चालणारी टेबलावरच्या फोनांची व्यवस्था आहे, तिचं ॲप मोबाईलवरही चालतं. घरून काम करणाऱ्या एका सहकाऱ्याचे कॉल बरोबर ३२ सेकंदांनी कापले जायचे. ना ३१, ना ३३. ही वेळ एसआयपी नावाच्या करारातच लिहिलेली आहे. कॉल उचलल्याचा निरोप पोचला अशी पोच समोरून आली नाही, तर यंत्र तो निरोप पुन्हा पुन्हा पाठवतं आणि अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट, म्हणजे ३२ सेकंद, वाट बघून कॉल सोडून देतं. तोवर दोघांचं बोलणं व्यवस्थित चालू असतं, म्हणून नेटवर्कवर कुणी संशय घेत नाही. त्याच्या घरच्या राउटरचं एसआयपी एएलजी त्या निरोपांतले पत्ते 'सुधारून' देत होतं आणि पोच भलतीकडे जात होती. बंद केल्यावर थांबलं. वर ज्याला फुकट म्हटलं तो सल्ला असल्या ॲपसाठी रामबाण आहे. पंधरा मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने कापला जात असेल तर त्यामागेही बहुधा अशीच हजेरी असते. कॉल जिवंत आहे ना, असं यंत्रं एकमेकांना अधूनमधून विचारतात, आणि ते विचारणं वाटेत अडलं की कॉल मेला असं समजून सोडतात.

आत्याच्या कॉलांना मात्र वेळेचा धरबंध नव्हता. तिच्या चौकोनात दुसरंच दिसत होतं. 'कापला' जिथे जिथे लिहिलं होतं, तिथे शेजारी 'चालत' होतं. आत्या फोनवर बसत नाही. ओटीवर उचललेला फोन माजघरातून स्वयंपाकघरात, तिथून मागच्या पडवीत आणि तिथून परसात, कढीपत्ता तोडेपर्यंत चालू असतो.

राउटर ओटीवर, दारावरच्या फळीत. आणि मागे वाय-फाय पोचत नाही म्हणून कुणीतरी (मीच, मागे एकदा) जुना राउटर केबल ओढून पडवीत लावून दिला होता. नाव आणि पासवर्डही तोच दिला, म्हणजे फोन आपोआप जोडला जाईल. तो जोडलाही जायचा. पण तो जुना डबा स्वतः पूर्ण राउटर म्हणूनच काम करत होता. स्वतःचे पत्ते वाटायचा, स्वतःची वेगळी आळी चालवायचा. ओटीवर फोनचा पत्ता एक, पडवीत गेल्यावर दुसरा. कॉल चालू असताना घरचा पत्ता बदलला की बोलणं जुन्या पत्त्यावर येत राहतं. व्हॉट्सॲप अशा वेळी 'रिकनेक्टिंग' म्हणून धडपडून पुन्हा जोडतं, कधी जमतं, कधी नाही. वाय-फाय कॉल तर बहुतेक वेळा गेलाच.

उपाय पंधरा मिनिटांचा. जुन्या राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड (स्वतः पत्ते न वाटता नुसतं वाय-फाय पुढे देणारा) असेल तर तो निवडा. नसेल तर त्यातली डीएचसीपी (पत्ते वाटणारी सोय) बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य राउटरच्या मालिकेतला पण वेगळा द्या, आणि ओटीवरून आलेली केबल त्याच्या निळ्या वॅन भोकातून काढून साध्या लॅन भोकात लावा. रंग प्रत्येक डब्यावर निराळे असतात, भोकाशेजारी लिहिलेलं वाचा. आता दोन्ही डबे एकाच घरातले झाले. चालताना फोन एकावरून दुसऱ्यावर जातो, पण पत्ता तोच राहतो. ज्या घरात जुना राउटर 'वाया कशाला घालवा' म्हणून पुढे जोडलेला आहे, त्या घरात मी आता दुसरं काही न विचारता आधी हीच केबल बघतो.

यानंतरही एक जागा उरली, परसातली विहीर. तिथे वाय-फाय मरतं आणि टॉवर जेमतेम डोकावतो. वाय-फायवरचा कॉल ४जीवर सरकू शकतो, पण त्याला तिथे ४जी धड मिळायला हवं. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात: उणे ८० च्या आसपास चांगला, उणे ११० च्या खाली गेला की कॉल टिकेल असं धरू नये. विहिरीपाशी उणे ११८ दिसत होतं. नुसतं २जी असेल तर तो कॉल सहसा तिथे सरकत नाही, सरळ कापला जातो. शंका असेल तर परीक्षा सोपी आहे. फोन विमान मोडवर टाका, मग वाय-फाय तेवढं चालू करा आणि राउटरशेजारी बसून वीस मिनिटं बोला. आता फोनला टॉवर माहीतच नाही. या वेळी कॉल टिकला आणि एरवी कापला जातो, तर दोष अदलाबदलीचा. मग वाय-फाय कॉलिंगच्या पसंतीत 'मोबाईल नेटवर्क आधी' असेल ते 'वाय-फाय आधी' करा. काही जण घरात कायम विमान मोडच ठेवतात. तरुणांना चालेल. आत्या तशीच बाजाराला जाईल आणि दिवसभर कोणालाच सापडणार नाही, म्हणून मी तो नाद केला नाही. विहिरीवर फोन न्यायचा नाही एवढं ठरलं. ती नेतेच, ते सोडा.

घोगरा, पाण्यातल्यासारखा

हा प्रकार सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला होता, आणि मला सगळ्यात उशिरा समजला.

फायबरवाल्याचं उत्तर तयार होतं, "स्पीड तर फुल्ल येतोय, साहेब." येत होताच. प्लॅन ३० एमबीपीएसचा, चाचणीत २९ दिसायचे. पण बोलण्याला स्पीड लागतोच किती? रुंद पट्ट्याचा आवाज, म्हणजे ज्याला एचडी व्हॉइस म्हणतात तो, ५० ते ७००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज १२.६५ केबीपीएसमध्ये बसवतो. जुन्या फोनचा पट्टा ३०० ते ३४०० हर्ट्‌झचा होता, म्हणून हल्ली 'स' आणि 'श' फोनवरही वेगळे ऐकू येतात. पाकिटांची वेष्टनं आणि बोगद्याचं कुलूप धरूनही शंभर केबीपीएसच्या आत काम होतं. तीस हजार केबीपीएसच्या रस्त्यावर शंभरची सायकल अडते कशी?

अडते, कारण आवाजाला रुंदी नको, वक्तशीरपणा हवा. बोलणं २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापून सेकंदाला ५० पाकिटं पाठवली जातात. ती एकामागून एक सारख्या अंतराने पोचायला हवीत. चार उशिरा आली आणि मग एकदम धावत आली की फोन मधली जागा अंदाजाने भरतो, तोच तो पाण्यातला आवाज. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं मार्गदर्शन आहे. त्यापुढे दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात.

मी लॅपटॉपवर पिंग, म्हणजे पाकीट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी, चालू करून ठेवलं. दुपारी १४, १५, १४ मिलिसेकंद. संध्याकाळी सातनंतर १४, २३०, ६१०, ४८०, १६. कालनिर्णयातले 'घोगरा' सगळे सात ते दहाचे. संध्याकाळी घरात नवीन काय सुरू होतं? आत्या मालिका बघते, ती डिशवर. नातू सुट्टीला आला होता, त्याच्या फोनचे दिवसभराचे फोटो वाय-फायवर आले की वर चढायला लागायचे. आणि अंधार पडला की अंगणातले दोन कॅमेरे रात्रीच्या रूपात जायचे.

हे कॅमेरे दुबईतल्या आतेभावाने बसवलेत, आईची काळजी म्हणून. एक दरवाजावर, दुसरा पार गेटपाशी, आंब्याखाली. दोन्ही चोवीस तास चित्रण इंटरनेटवर चढवत होते. अंधारात चित्राला दाणे येतात, किडे उडतात, पानं हलतात, कॅमेऱ्याला सगळीच हालचाल वाटते आणि चढवायचा माल वाढतो. त्यात गेटचा कॅमेरा राउटरपासून इतका लांब की त्याचा सिग्नल अशक्त. अशक्त सिग्नलवर यंत्र सावकाश बोलतं, आणि वाय-फायवर एका वेळी एकालाच बोलता येतं. एसटीच्या दारात एक म्हातारबुवा पिशवीतून सुटे पैसे शोधत उभे राहिले की मागची रांग तुंबते, तसं. त्या कॅमेऱ्याने इंटरनेट फार खाल्लं नव्हतं, त्याने हवेतली वेळ खाल्ली होती. फायबरवाल्याच्या स्पीड चाचणीत हे दिसणार नाही, कारण ती चाचणी तो राउटरशेजारी उभा राहून दुपारी करतो.

काय केलं ते सांगतो. गेटचा कॅमेरा मेमरी कार्डावर साठवायला लावला, फक्त माणूस दिसला तरच चढव असं सांगून. दरवाजाच्या कॅमेऱ्याला केबल दिली. नातवाच्या फोनचे फोटो चार्जिंगला असतानाच चढतील असं केलं. राउटरमध्ये क्यूओएस (कोणाला किती रस्ता द्यायचा ते ठरवणारं सेटिंग) होतं, त्यात चढवण्याची मर्यादा ३० ऐवजी २५ एमबीपीएस घातली. हे उलटं वाटतं, पण रस्ता थोडा मोकळा ठेवला की रांग साचतच नाही. आत्याचा फोन ओटीवर ५ गिगाहर्ट्‌झवर जोडला. ते जांभ्याच्या दोन भिंती ओलांडत नाही, मागे पडवीत २.४ च बरं. पावसाळ्यात भिंती ओल्या झाल्या की दोन्ही आणखी आखडतं घेतात, तेव्हा मेमध्ये जमलेली मांडणी जुलैत पुन्हा तपासावी लागते.

संध्याकाळचा पिंग ३०-४० वर आला. घोगरा गेला.

वाजतच नाही

यात दोन निरनिराळी कारणं सापडली. व्हॉट्सॲपचे कॉल न वाजण्यामागे फोनची बॅटरी वाचवण्याची हौस. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोन टेबलावर पडून राहिला की डुलकी घेतो. तेवढ्याने कॉल अडायला नको, पण काही कंपन्या त्यावर आपली वेगळी कात्री चालवतात आणि ॲप मागच्या मागे बंद करून टाकतात. आत्याने फोन उघडला की एकदम चार मिस्ड कॉल पडायचे, हीच खूण. ॲपच्या बॅटरीच्या पानावर 'अनरिस्ट्रिक्टेड' करा, 'ऑटोस्टार्ट' असेल तर चालू करा. मोठ्या अपडेटनंतर पुन्हा बघा.

डायलरवरचे न वाजण्यामागे वीज. लाईट गेली की राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही बंद, आणि घर पुन्हा बिनफोनचं. जुनी लँडलाईन तिची वीज एक्सचेंजकडून तारेतूनच आणायची, फायबर काचेचं, त्यातून वीज येत नाही. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो. विकत घेण्याआधी दोन्ही ॲडॅप्टरांवरचं लिखाण वाचा, बहुतेक १२ व्होल्टचे असतात, पण अँपिअर वेगवेगळे. दोन्ही डब्यांना पुरेल असा घ्या. नुसता राउटर चालू आणि फायबरचा डबा बंद, असं करून ठेवलेलं घर मी बघितलंय. वाय-फायच्या काड्या फुल्ल, इंटरनेट शून्य, आणि फोन बिचारा वाय-फायलाच चिकटून.

दुबईचं वेगळं

आतेभावाची तक्रार होती की त्याने केलेला व्हॉट्सॲप कॉल आत्याकडे वाजतो, ती उचलते, आणि मग 'कनेक्टिंग'च्या पुढे जात नाही. यावर मी राउटरशी झटापट केली नाही, तुम्हीही करू नका. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचे संदेश चालतात, आवाजाचे आणि व्हिडिओचे कॉल अडवलेले असतात. तिथे परवाना असलेली बोटिमसारखी ॲप चालतात. आत्याच्या फोनमध्ये बोटिम टाकून दिलं. "व्हीपीएन टाकू का?" असं त्याने विचारलं, म्हणजे आपला ठावठिकाणा झाकून अडवणूक चुकवणारं ॲप. तिथल्या सायबर कायद्यात गुन्हा करायला किंवा लपवायला असं साधन वापरल्यास ५ लाख ते २० लाख दिरहमपर्यंत दंड आहे. आईशी बोलण्यासाठी तिकडे जायची गरज नाही. आणि परदेशात भारतीय सिमवर वाय-फाय कॉलिंग वापरणार असाल तर आपल्या प्लॅनमध्ये ते रोमिंग म्हणून धरतात की कसं, हे आधी वाचा.

तरीही जमलं नाही तर

हे सगळं करूनही चिन्ह येत नसेल किंवा राउटरशेजारी विमान मोडमध्येसुद्धा कॉल कापला जात असेल, तर मग कंपनीकडे जा, पण 'फोन तुटतो' असं सांगू नका. तारीख, वेळ, समोरचा नंबर, कितव्या मिनिटाला, आणि दुसऱ्या वाय-फायवर काय झालं, एवढं सांगा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, मागून घ्या. तो नंबर नसेल तर तुमची तक्रार झालीच नाही. निकाल लागला नाही किंवा पटला नाही तर त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे अपील करता येतं, त्याला पैसे पडत नाहीत, आणि ३९ दिवसांत ते निकाली काढायचं असतं. ट्राय, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख करणारं सरकारी प्राधिकरण, एकेकट्या ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही, तिथे पत्र पाठवण्यात दिवस घालवू नका.

आमच्या अपिलाची वेळ आली नाही. जूनच्या पानावर 'कापला' दोनदा आहे, दोन्ही वेळा पुढे 'विहीर' लिहिलंय.